‘दुपारी घरातच राहा’, पण कोणत्या घरात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की आपल्या वर्तमानपत्रात एक चौकट येते. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, डोकं झाका. गेली कितीतरी वर्षं मी ती कापून आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या दारावर चिकटवत आले. यंदा चिकटवली नाही. सल्ला चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही, उन्हात राबणाऱ्याला तो कामाचाच आहे. पण बाहेरच्यापेक्षा घर थंड असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांत ते खरं नाही. मी ते रोज बघते, म्हणून हे पत्र.

मी नागपुरात घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. या कामाला १७ वर्षं झाली. पहाटे साडेपाचला स्कूटी काढते, कारण उपाशीपोटीचं रक्त देऊन लोकांना लवकर चहा घ्यायचा असतो. आधी धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स. मग बर्डीवरून खाली उतरून नंदनवन, वाठोडा, खरबी, पारडी. पूर्वेकडच्या वस्त्यांतल्या छोट्या दवाखान्यांशी आमच्या लॅबचं ठरलेलं आहे, त्यामुळे तिकडचे अंथरुणाला खिळलेले, म्हातारे पेशंट माझ्याकडेच असतात. साखरेच्या पेशंटचं जेवणानंतरचं रक्त दोन तासांनी घ्यावं लागतं. म्हणजे भर दुपारी त्याच घरांत पुन्हा जाणं होतं. शहराच्या दोन्ही टोकांचं रक्त रोज माझ्या एकाच पेटीत गोळा होतं.

त्या पेटीबद्दल थोडं सांगते. आत बर्फाच्या पिशव्या आणि एक थर्मामीटर असतो. रक्त नळीत आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. गरमी जितकी जास्त, तितकं हे लवकर होतं. म्हणून साखरेसाठी राखाडी बुचाची वेगळी नळी असते, तिच्यात पेशींना आवर घालणारं औषध असतं. शिवाय सगळ्या नळ्या गार ठेवायच्या. पेटी उन्हात राहिली, बर्फ वितळला, तर लॅबमधून शेरा येतो, ‘नमुना अयोग्य’, आणि मला पुन्हा जावं लागतं. दोन-चार मिलिलिटर रक्ताची आम्ही इतकी काळजी घेतो. ज्याच्या अंगातून ते काढलं तो माणूस दिवसभर कुठे बसणार आहे, हे लिहायला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.

गेल्या मे महिन्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता, तेव्हाची एक सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. पहिलं घर धरमपेठेत, ट्रॅफिक पार्कच्या बाजूला. काका सत्तरीच्या पुढचे. अंगणात मोठा कडुनिंब, त्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. रात्रभर एसी चालला होता. पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितली, कोपराच्या घडीत शीर लगेच बोटाला लागली. दोन मिनिटांत काम झालं.

नऊच्या सुमारास वाठोड्याच्या पुढे एका आजींकडे पोचले. वय तेच, आजार तेच, साखर आणि बीपी. गोळ्यांच्या पट्ट्याही बहुतेक त्याच. डाव्या हाताला पट्टा बांधून मी चाचपत राहिले, पण शीर सापडेना. सापडली ती दोऱ्याएवढी, आणि सुई आत जाताच बसली. म्हाताऱ्या कातडीवरून अंगातलं पाणी कमी झाल्याचं नेमकं सांगता येत नाही, पण त्यांची जीभही कोरडी पडली होती, ओठांना पापुद्रे आले होते. मी विचारलं, आजी, पाणी पिता ना? त्या म्हणाल्या, “रातच्याले झोप नाही वं बाई, टिन फटफटेपर्यंत तापलेलंच राह्यते. अन् पाणी मी कमीच पेते, घडीघडी उठा लागते.” संडास तीन घरांत मिळून एक, तोही आवाराच्या टोकाला. दोनदा टोचून झालं तेव्हा त्यांनी स्वतःच दुसरा हात पुढे केला आणि मलाच धीर दिला, “घाबरू नको, या हाताले पाहून घे.” शेवटी मनगटाच्या मागच्या शिरेतून कसंबसं रक्त आलं. उजेडाकडे धरलेल्या त्या नळीत ते इतकं सावकाश चढत होतं की मला माझ्या आईचा हात आठवला.

त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करतं का ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं आलं. आता हे कशाने वाढलं, ते ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण एवढं मलाही कळतं की बीपीच्या कितीतरी पेशंटना लघवी वाढवणारी, लोक जिला पाण्याची गोळी म्हणतात ती सुरू असते. ती गोळी अंगातलं पाणी बाहेर काढते, घाम उरलंसुरलं काढतो, आणि संडासाच्या भीतीने वरून पाणी कमी जातं. त्यात मूत्रपिंडावर भार येतो. डॉक्टरांपुढे गेलेल्या रिपोर्टवर नाव, वय, लिंग एवढंच होतं. टिनाच्या छपराचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्याच दुपारी जेवणानंतरचं रक्त घ्यायला गेले तेव्हा माझ्याकडचा जादा थर्मामीटर मी आजींच्या खोलीतल्या खुंटीला टांगला. दहा मिनिटांनी पाहिला, ४६. मग बाहेर येऊन गल्लीच्या टोकाला पिंपळाच्या सावलीत धरला, ४२. म्हणजे आजी घरातून उठून पिंपळाखाली येऊन बसल्या असत्या तर त्यांना बरं होतं. आणि आपली चौकट त्यांना सांगते, घरातच राहा.

खोलीत पंखा चालू होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारून तापवतो. हे आमच्याकडे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, मग काय करावं? प्रश्न बरोबर आहे. कूलर आहे की, म्हणाल. कूलर ही आपल्या विदर्भाची खरीच मोठी सोय आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत खसच्या ताट्यांतून येणाऱ्या गारव्याला तोड नाही. पण कूलरला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि समोरची उघडी खिडकी. खिडकी नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि घाम सुकेनासा होतो. पाणी टँकरचं असेल तर ते आधी पिण्याचं, मग कूलरचं. आणि भांडेवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना खिडकी उघडायचीही चोरी. उन्हाळ्यात तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की धूर रात्रभर वस्तीत तरंगतो. खिडकी उघडी ठेवली तर खोकला, बंद केली तर भट्टी. शहराचा कचरा पूर्वेला आणि नाग नदीही पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहते, म्हणजे अंबाझरीपासून पुढचं सांडपाणी गोळा करत ती आमच्याकडे येते. हे भूगोलाच्या पुस्तकात असतं, पण रक्ताच्या रिपोर्टमध्येही ते थोडंफार उतरतं असं माझं मत आहे.

(कूलरवरून आठवलं. पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी ओतून दिलं तरी अंडी टाकीच्या कडांना चिकटून कोरडी महिनोन् महिने टिकतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा. पुढच्या जून-जुलैत हे कृपया चौकटीत छापा.)

आता आपल्या पहिल्या पानावरच्या आकड्याविषयी. नागपूरचं रोजचं अधिकृत तापमान सोनेगावच्या हवामान केंद्रातलं असतं. तिथला थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून उंचावर ठेवलेला असतो. तसंच मोजायला हवं, त्याशिवाय एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना होणार नाही. २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली तीही याच पद्धतीने. पण हा आकडा मोकळ्या हवेचा आहे. टिनाखालच्या दहा बाय बाराच्या खोलीचा नाही. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले तेव्हा दोन-चार दिवस शहरात दुसरा विषय नव्हता. नंतर सेन्सरमध्ये बिघाड होता असं हवामान खात्याने स्पष्ट केलं आणि विषय संपला. त्या दोन-चार दिवसांत माझ्या पेशंटच्या घरात खरोखर किती अंश होते, हे मोजायला कुणी आलं नाही.

माझ्या घरी काय झालं तेही सांगते. बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल बंद पडली, चाळीतली खोली सुटली आणि आम्ही इकडे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. पुढची स्लॅबची, मागची टिनाची. बाबांना मागचीच आवडायची, कारण तिथे त्यांचा रेडिओ आणि खाट होती. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी फेरीवरून दीड वाजता घरी आले तर ते खाटेवर बसलेले, अंग कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही, आणि मला आईच्या नावाने हाक मारत होते. आई जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. काखेत थर्मामीटर लावला, १०५ च्या वर. मी या कामातली असूनही क्षणभर माझे हात चालेनात. मग ओल्या चादरीत गुंडाळून, मानेला आणि काखेत माझ्या पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या लावून ऑटोने दवाखान्यात नेलं.

तिथे पहिला प्रश्न, “उन्हात कशाला फिरू दिलं?” बाबा आठ दिवसांत घराबाहेर पडले नव्हते. ते वाचले, पण तेव्हापासून त्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त मीच घेते. त्यांच्या केसपेपरवर पत्त्याच्या जागी नुसतं ‘नागपूर’ लिहिलेलं आहे. मी तो कागद जपून ठेवला आहे.

मुलगी समाजकार्य शिकते. बाबांचं झालं तेव्हा तिने मला दोन गोष्टी वाचून दाखवल्या. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं जास्तीची मेली. नंतर चौकशी केली तेव्हा ज्या म्हाताऱ्यांची झोपायची खोली थेट छपराखाली होती, त्यांना धोका जास्त होता असं दिसलं. पॅरिसच्या जुन्या इमारतींना वर जस्ताचे पत्रे असतात. इतक्या लांबच्या, इतक्या श्रीमंत शहरात माणसं पत्र्याखाली मेली, हे ऐकून मला बाबांची मागची खोली दिसायला लागली. दुसरी गोष्ट शिकागोची. जुलै १९९५ मध्ये तिथे काही दिवसांत ७०० हून अधिक माणसं दगावली. शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्त्या, दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे म्हातारे भरपूर. पण एकीत मृत्यू दुसरीपेक्षा कितीतरी पट कमी. कमी होते त्या वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं खाली उतरून बसत होती. दुसरी वस्ती ओस पडलेली, म्हातारे दारं लावून आत.

हे ऐकताना बाबा म्हणाले, “हे तर आपल्या चाळीसारखंच झालं.” मिलच्या चाळीत उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीत पाणी शिंपडायचे. आठ वाजले की खाटा बाहेर. रांजण दाराशी. लहानपणी मी चार घरांच्या खाटांवरून उड्या मारत झोपायच्या जागेवर जायची आणि ओरडा खायची. सकाळी एखादी खाट रिकामी दिसली नाही, म्हणजे माणूस ऊन चढूनही उठलेला नसला, तर शेजारची बाई हाक मारायची. घरं तेव्हाही टिनाचीच होती. पण रात्र बाहेर जायची, आणि रात्री अंग निवलं तर माणूस दुसऱ्या दिवसाचं ऊन झेलतो.

आता आमच्या गल्लीत खाट टाकायला जागा नाही. सिमेंटचा रस्ता झाला, दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. रस्त्याची उंची घरांच्या उंबरठ्यापेक्षा वाढली, त्यामुळे पावसाळ्यात पाणी आत येतं तो ताप वेगळाच. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री अकराला पाय ठेवला तरी गरम लागतं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलेलं होतं, तो वाळत गेला आणि मागच्या वर्षी वादळात पडला. रस्ता नको असं कुणीच म्हणत नाही, चिखलातून मीही स्कूटी ढकलली आहे. पण झाडाभोवती हातभर माती मोकळी सोडायला काय लागलं असतं? आणि गाड्यांमुळे बाया ओट्यावर बसेनाशा झाल्या, त्याचं तर कुणी मोजमापच करत नाही. समोरच्या घरातली एकटी राहणारी बाई दोन दिवस दिसली नाही हे आता आम्हाला तिसऱ्या दिवशी कळतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पश्चिम नागपुरातल्या चांगल्या चांगल्या घरांत पाणी शिरलं. माझे कित्येक पेशंट त्या भागातले. एका काकूंची इन्सुलिनची पेनं फ्रिजसकट वाहून गेली होती, मी माझ्या पेटीत दुसरी नेऊन दिली. त्यांचं दुःख मी पाहिलं आहे. पण त्या पुरानंतर चर्चा कशाची झाली ते आठवा. तलावाच्या भिंतीची, नाल्याच्या रुंदीची, पुलांची, प्रवाहात काय बांधलं होतं त्याची. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तिथल्या रहिवाशांना कुणी ‘पाणी आल्यास काळजी घ्या, उंच ठिकाणी बसा’ एवढं सांगून गप्प बसलं नाही. सगळ्यांनी जागेबद्दल प्रश्न विचारले, आणि तेच बरोबर होतं. उन्हाच्या बाबतीत मात्र आपण जागेचं नावच काढत नाही, सगळी काळजी पेशंटनेच घ्यायची.

करता येण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंच स्वस्त आहे. बाबांच्या प्रकारानंतर आम्ही मागच्या खोलीच्या टिनावर चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात दिले. मीच शिडीवर चढले, मुलीने बादली धरली. त्याच महिन्यात दुपारी अडीचला मोजलं तेव्हा खोलीत आधीपेक्षा तीन अंश कमी होते. पुढच्या वर्षी गल्लीतल्या सहा घरांनी केलं. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. हे लोकांनी आपल्या खर्चाने, आपल्या शिडीने करायचं काम आहे का? तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं. अहमदाबादने मे २०१० मधल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा तयार केला, त्यानंतर आपल्याकडेही आराखडा आला. त्या आराखड्यात दवाखान्यांतल्या राखीव खाटा असतात, पाणपोया असतात, इशारे असतात, आणि ते सगळं हवंच. त्यात छप्परही असावं. वस्तीतलं समाजभवन लग्नासाठी उघडतं, ते एप्रिल-मेच्या दुपारी म्हाताऱ्यांसाठी उघडावं, दोन कूलर आणि पाण्याचा रांजण ठेवून. बागेला दुपारी कुलूप नसावं. आवाराच्या टोकाचा संडास घरात आला तर आजी पाणी पितील, यावर माझा इतका विश्वास आहे की हा खर्च मी मूत्रपिंडाच्या औषधांच्या खात्यात धरीन.

आणि दवाखान्यांना एक विनंती. उन्हाने आजारी पडलेला पेशंट आला की केसपेपरवर नुसतं ‘नागपूर’ लिहू नका. वस्ती लिहा, गल्ली लिहा, छप्पर टिनाचं की स्लॅबचं ते लिहा. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या तर कोणत्या गल्लीत चुना आधी द्यायचा आणि कडुनिंब कुठे लावायचा, हे नकाशावर कुणालाही दिसेल.

आपल्यालाही एक विनंती आहे. सोनेगावच्या आकड्याशेजारी रात्रीचं किमान तापमान त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. आणि एखाद्या दुपारी बातमीदाराला वाठोड्याला पाठवा. माझी फेरी दीड वाजता संपते, थर्मामीटर माझ्याकडे आहे, आजींना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, “येऊ दे, फक्त त्याले सांग, दहा मिनिटं बसा लागन.”

आपली,
घरोघरी रक्तनमुने घेणारी एक वाचक,
वाठोडा परिसर, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)